माता-बालकल्याण केंद्र : शिकवण, सेवा आणि मातेचा निर्णय
(दोन महायुद्धांदरम्यानचे ब्रिटन आणि वर्धा परिसर यांच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

इ. स. १९२१ या एकाच वर्षी तीन शहरांत तीन लहान संस्था सुरू झाल्या. लंडनच्या हॉलोवे भागात मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचा सल्ला देणारे 'मदर्स क्लिनिक' उघडले. मुंबईत प्रा. र. धों. कर्वे यांनी आपले संततिनियमन केंद्र सुरू केले. नागपुरात कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघाची स्थापना करून मोजक्या खाटांचे प्रसूतिगृह चालविण्यास प्रारंभ केला. पहिल्या दोन संस्थांनी मूल केव्हा व्हावे या प्रश्नाला हात घातला. तिसरीने मूल होताना बाई जगावी कशी या प्रश्नाला. त्याच काळात ब्रिटनमध्ये गावोगाव उभ्या राहत असलेल्या सरकारमान्य माता-बालकल्याण केंद्रांनी मात्र या दोन प्रश्नांच्या पलीकडची, अधिक सुरक्षित जागा निवडली होती. झालेले मूल कसे वाढवावे हे आईला शिकविणे, हे त्यांचे मुख्य कार्य होते.

माता-बालकल्याणाच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट गौरवाची. संस्थापकांचा त्याग, पहिली खोली, पहिले बाळंतपण आणि आजची भव्य इमारत. दुसरी वाट आकड्यांची. किती केंद्रे, किती नोंदणी, किती लसी. या दोन्ही वाटांवर एक गोष्ट बाजूला राहते. केंद्राच्या दारात आलेल्या बाईला तिथे काय विचारता येत होते आणि विचारल्यावर काय मिळत होते, याचा शोध क्वचितच घेतला जातो. प्रस्तुत लेखात या एकाच निकषावर ब्रिटनमधील केंद्रांचा आणि वर्धा परिसरातील प्रयत्नांचा विचार केला आहे. वर्ध्याची निवड योगायोगाची नाही. संततिनियमनाच्या प्रश्नावरील जागतिक ख्यातीचा एक संवाद १९३५ मध्ये वर्ध्यात झाला, आणि दहा वर्षांच्या आत त्याच परिसरातील एका खेड्यात स्त्रिया व बालकांसाठी रुग्णालय उभे राहिले. हे दोन प्रसंग सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितले जातात. ते एकत्र वाचले पाहिजेत.

वजनकाटा आणि व्याख्यान

ब्रिटनमधील या चळवळीचा उगम बोअर युद्धानंतरच्या चिंतेत आहे. सैन्यभरतीस आलेले तरुण शारीरिकदृष्ट्या दुर्बल आढळले आणि साम्राज्याला निरोगी मनुष्यबळ कोठून मिळणार असा प्रश्न राज्यकर्त्यांना पडला. १९०७ मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस भागात 'मातांची शाळा' सुरू झाली. तिथे बाळांचे वजन होई, मातांना स्वस्तात जेवण मिळे आणि स्वयंपाक, शिवण व बालसंगोपन यांचे वर्ग चालत. 'शाळा' हे नाव पुरेसे बोलके आहे. बालमृत्यूचे मूळ मातेच्या अज्ञानात आहे, हे गृहीत त्या नावातच होते. ओलसर घर, अपुरी मजुरी, सामायिक नळ आणि वर्षाआड येणारे बाळंतपण यांना त्या निदानात दुय्यम स्थान होते.

१९१८ च्या माता व बालकल्याण कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांना अशी केंद्रे चालविण्याचा अधिकार दिला. तो अधिकार होता, बंधन नव्हते. त्यामुळे एका नगरपालिकेत उत्तम केंद्र, बाळंतिणीसाठी घरकामाला मदतनीस आणि मोफत दूध. तर शेजारच्या भागात आठवड्यातून एका दुपारी चर्चच्या सभागृहात मांडलेला एक वजनकाटा, असे चित्र दिसे. त्यातच डॉक्टरांच्या व्यवसायाला धक्का लागू नये म्हणून केंद्राने तपासावे, सल्ला द्यावा, पण उपचार करू नयेत असा दंडक रूढ झाला. आजारी मूल घेऊन आलेल्या आईला आजाराचे नाव कळे; औषधासाठी तिला खाजगी डॉक्टरकडे पैसे मोजून जावे लागे. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. परंतु सल्ला फुकट आणि उपचार विकत ही विभागणी आपल्याकडेही अगदी अनोळखी नाही.

या केंद्रांचे मूल्यमापन करताना दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात. इंग्लंड व वेल्समधील बालमृत्यूचे प्रमाण १९१८ मध्ये दर हजार जन्मांमागे ९७ होते. १९३० मध्ये ते ६० च्या आसपास आणि १९३९ मध्ये ५१ च्या आसपास आले. हा उतार लक्षणीय आहे. त्याच काळात मातामृत्यूचे प्रमाण मात्र दर हजार जन्मांमागे चारच्या आसपास अडून राहिले आणि १९३४ पर्यंत ते उलट किंचित वाढले. सरकारने नेमलेल्या समितीने १९३२ च्या अहवालात जवळपास निम्मे मातामृत्यू टाळता येण्याजोगे होते असे नमूद केले. उतार सुरू झाला तो १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रूक यांनी १९३६ मध्ये सल्फा गटातील औषधाचे सूतिकाज्वरावरील परिणाम सिद्ध केले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने पगारी, प्रशिक्षित सुईणींची सेवा स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाली.

आयर्विन लाउडन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या आकड्यांचा जो अर्थ लावला आहे तो येथे महत्त्वाचा आहे. बालमृत्यू हा मुख्यतः राहणीमान, पोषण व स्वच्छता यांच्याशी निगडित असतो. मातामृत्यू मात्र प्रसूतीच्या वेळी हाताशी कोण आहे आणि त्याचे हात किती स्वच्छ व कुशल आहेत यावर मुख्यतः ठरतो. म्हणजे केंद्रांनी दिलेली शिकवण मातेच्या जिवाच्या प्रश्नाला फारशी स्पर्शच करीत नव्हती. बाळाच्या वजनाची नोंद दर आठवड्याला होत होती. त्या बाळाची आई पुढच्या बाळंतपणात जगेल का, हे ठरविणारी साधने केंद्राच्या बाहेर होती.

जे विचारता येत नव्हते

मातांना नेमके काय हवे होते, याची साक्ष सुदैवाने उपलब्ध आहे. विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड या कामकरी स्त्रियांच्या संघटनेने १९१५ मध्ये 'मॅटर्निटी' या नावाने आपल्या सभासदांची १६० पत्रे प्रसिद्ध केली. मार्गारेट लुएलिन डेव्हिस यांनी ती संपादित केली होती. या पत्रांत अज्ञानाची कबुली कमी आणि थकव्याची, पैशाच्या ओढाताणीची, लागोपाठच्या गर्भारपणाची हकिकत अधिक आहे. १९३९ मध्ये मार्जरी स्प्रिंग राइस यांनी १२५० विवाहित कामकरी स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक निरीक्षण फार बोलके आहे. प्रकृती बरी आहे असे सांगणाऱ्या अनेक स्त्रिया पुढच्याच दमात पाठदुखी, पांडुरोग, खाली आलेले गर्भाशय यांची यादी देत. उभे राहून काम करता येते तोवर बाई बरी, असाच त्यांचा हिशेब होता. तो विदर्भातल्या कोणत्याही खेड्यातील बाईला नव्याने समजावून सांगावा लागणार नाही.

या स्त्रियांचा केंद्राला एक साधा प्रश्न होता. पुढचे मूल कसे टाळावे? हाच प्रश्न केंद्रात निषिद्ध होता. १९२२ मध्ये एडमंटन येथील डॅनियल्स या आरोग्य-परिचारिकेला, मातांना संततिनियमनाची माहिती कोठे मिळेल हे सांगितल्याबद्दल, नोकरीवरून काढण्यात आले. १९२४ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले तेव्हा पक्षातील स्त्रियांनी हा मज्जाव उठविण्याची मागणी केली; आरोग्यमंत्री जॉन व्हीटली यांनी ती मान्य केली नाही. अखेर १९३० मध्ये आरोग्य मंत्रालयाने एक परिपत्रक काढले. आणखी एक गर्भारपण जिच्या प्रकृतीला घातक ठरेल अशा विवाहित स्त्रीलाच केंद्रात सल्ला देण्याची मुभा त्याने दिली. मुभा आजारासाठी होती, इच्छेसाठी नव्हती. उल्लेखनीय म्हणजे त्याच १९३० साली भारतातील म्हैसूर संस्थानाने सरकारी संततिनियमन केंद्रे सुरू केली होती.

जेन लुइस यांनी १९८० मध्ये 'द पॉलिटिक्स ऑफ मदरहुड' या ग्रंथात या धोरणावर टीका केली. स्त्रियांनी आर्थिक साहाय्य, प्रसूतीतील उपचार आणि संततिनियमन मागितले. शासनाने शिक्षण दिले. ही मांडणी मूलतः योग्य आहे, परंतु एका ठिकाणी ती अपुरी पडते. केंद्रांत जाणाऱ्या स्त्रिया निव्वळ शिकवणीच्या धनी नव्हत्या. स्वस्त दूधपावडर घ्यायची, शेजारणींना भेटायचे आणि व्याख्यान कानाआड करायचे, असा आपल्या सोयीचा वापर त्यांनी केंद्राचा केला. तरीही सोयीने वापरणे म्हणजे निर्णयात भाग असणे नव्हे, हे मान्य करावेच लागते.

नागपूरची खाट

ब्रिटिश हिंदुस्थानातील अधिकृत प्रयत्न याच साच्यातून आले होते. १८८५ चा डफरिन निधी, दायांच्या प्रशिक्षणासाठीचा १९०३ चा व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी, १९२० ची लेडी चेम्सफर्ड लीग आणि तिच्यामागोमाग शिशुसप्ताहांतील बाळांची प्रदर्शने यांचा रोख अज्ञानी आई व अस्वच्छ दाई यांच्याकडेच होता. दाईवर सारा दोष टाकण्याची ती रीत १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया'मध्ये कळसाला पोचली. प्रत्यक्षात काय घडत होते? भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानातील १९३७ चा बालमृत्युदर दर हजारी १६२ असा दिला आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी दरवर्षी सुमारे २ लक्ष स्त्रिया मरण पावतात असा अंदाज वर्तविला. शिशुसप्ताह आणि हे आकडे यांच्यातील अंतर वेगळे सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर मातृसेवा संघाचे वेगळेपण नजरेत भरते. कमलाबाई होस्पेट बालविधवा होत्या. नागपूरच्या डफरिन रुग्णालयात त्यांनी परिचारिका व प्रसाविका म्हणून शिक्षण घेतले होते. त्यांनी आरंभ केला तो खाटेपासून, व्याख्यानापासून नव्हे. बाई येईल, बाळंत होईल, प्रशिक्षित स्त्रीच्या हातून होईल आणि चार दिवस विसावा घेईल, इतकाच तो कार्यक्रम होता. लाउडन यांच्या विवेचनाच्या प्रकाशात पाहिले तर मातेचा जीव वाचविण्याचा मार्ग हाच होता. उच्चवर्णीय विधवेने बाळंतपणाच्या विटाळाशी निगडित व्यवसाय स्वीकारणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. 'सेवा' या शब्दाखाली ही व्यावसायिक कुशलता झाकली जाते, ही गौरवपर लेखनाची मोठी उणीव आहे. कमलाबाई सेविका होत्याच. पण त्या आधी कसबी प्रसाविका होत्या.

वर्ध्याचा संवाद

१९३५ च्या डिसेंबरच्या प्रारंभी अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या. गांधीजींचा मुक्काम त्या वेळी मगनवाडीत होता. दोघांच्या संभाषणाचा महादेव देसाई यांनी केलेला वृत्तांत जानेवारी १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय संततिनियमनाच्या इतिहासात तो वारंवार उद्धृत होतो. बहुतेक वेळा 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' अशा ठरावीक मथळ्याखाली. मूळ वृत्तांत काळजीपूर्वक वाचला तर हा मथळा टिकत नाही.

गांधीजींची भूमिका त्यांच्या काळाच्या मानाने एका बाबतीत अत्यंत आधुनिक होती. पत्नीला पतीस नकार देण्याचा अधिकार आहे, आणि हा नकार भारतीय स्त्रियांना शिकविता आला तर संततिनियमनाचा प्रश्नच उरणार नाही, असे ते म्हणतात. विवाहांतर्गत संबंधांत स्त्रीच्या नकाराला असे उघड स्थान देणारे राजकीय नेते त्या काळी जगातही विरळ होते. मात्र त्या नकारानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर वृत्तांतात नाही. घर पतीचे, शेत पतीचे, माहेरचा आधार तुटपुंजा. अशा स्थितीत नकाराची किंमत कोण मोजणार? गांधीजींनी स्त्रीला अधिकार दिला आणि साधन नाकारले. शिवाय संयमाची सारी जबाबदारी, पतीच्या वासनेला आवर घालण्यासह, तिच्याच माथी आली.

संभाषणाच्या शेवटी गांधीजी एक सवलत देतात. महिन्यातील ठरावीक 'सुरक्षित' दिवस पाळण्याची पद्धत आपल्याला इतर साधनांइतकी त्याज्य वाटत नाही, कारण तिच्यात काही अंशी संयम आहे. या सवलतीकडे अभ्यासकांनी तडजोडीची खूण म्हणून पाहिले आहे. चिकित्सेच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. या पद्धतीचा स्वीकार तिच्या परिणामकारकतेमुळे किंवा स्त्रीच्या प्रकृतीला ती हितकर आहे म्हणून झालेला नाही. संयमाच्या कसोटीवर झाला आहे. १९३० च्या ब्रिटिश परिपत्रकाने स्त्रीला आजाराच्या कसोटीवर मुभा दिली, वर्ध्यात ती संयमाच्या कसोटीवर मिळाली. मूल नको, ही तिची स्वतःची इच्छा दोन्हीकडे कारण म्हणून पुरेशी ठरली नाही.

सँगर यांची बाजू निर्दोष होती असे नव्हे. त्यांच्यापाशी हजारो मातांची पत्रे होती. १९२८ मध्ये त्यांनी त्यांतील निवडक पत्रांचा ग्रंथही काढला होता. परंतु सुप्रजननवादाशी त्यांची जी जवळीक होती, तिच्यामुळे त्यांच्या युक्तिवादातही स्त्री अनेकदा लोकसंख्येची 'गुणवत्ता' सुधारण्याचे साधन बनते. स्टोप्स यांच्याविषयीही हेच म्हणावे लागते. त्याच महिन्यात त्रिवेंद्रम येथे अखिल भारतीय महिला परिषदेने संततिनियमनाच्या बाजूने ठराव केला खरा. पण परिषदेतील सुशिक्षित स्त्रियांचा आवाज म्हणजे सिंदी किंवा शेगावच्या मजूर स्त्रीचा आवाज नव्हे. वर्ध्याच्या वृत्तांतात वर्ध्याची बाळंतीण कोठेही बोलत नाही.

गांधीजींच्या आत्मकथेतील एक प्रसंग या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. धाकटे चिरंजीव देवदास यांचा जन्म १९०० मध्ये दरबान येथे झाला. कळा अचानक सुरू झाल्या, डॉक्टर वेळेवर मिळाला नाही, आणि बाळंतपण स्वतः गांधीजींना पार पाडावे लागले. डॉ. त्रिभुवनदास यांचे 'माने शिखामण', म्हणजे आईला शिकवण, हे गुजराती पुस्तक आपण आधी अभ्यासले होते म्हणून आपण गांगरलो नाही, असे ते सांगतात. बाळंतपणाचे काम पतीने आपल्या हातांनी करणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. पण पुस्तक आईसाठी लिहिलेले होते आणि वाचले वडिलांनी. कस्तुरबांना त्या रात्री काय वाटले, हे प्रकरणात येत नाही. शिकवणीच्या या परंपरेत माता नेहमी संबोधिली जाते. तिचे म्हणणे मात्र नोंदले जात नाही.

याच वर्षांत मराठीत गांधीजींच्या ब्रह्मचर्यविचारावर सर्वांत धारदार टीका करीत होते ते र. धों. कर्वे. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले. एडमंटनची परिचारिका आणि मुंबईचा गणिताचा प्राध्यापक यांना तीन वर्षांच्या अंतराने एकाच कारणासाठी नोकरी गमवावी लागली. 'समाजस्वास्थ्य'चे खरे वैशिष्ट्य वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या रोखठोक उत्तरांत आहे. जे केंद्रात विचारता येत नव्हते ते टपालाने विचारता येत होते. अर्थात त्यासाठी अक्षरओळख लागे, आणि तिथेच खेड्यातील बहुसंख्य स्त्रिया वगळल्या जात.

सेवाग्रामचे रुग्णालय

एप्रिल १९३६ च्या अखेरीस गांधीजी शेगाव येथे राहण्यास गेले. (पत्रे वऱ्हाडातील शेगावला जाऊ लागल्यामुळे १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले.) दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. सुशीला नय्यर तिथे आल्या आणि आश्रमाबरोबरच गावाचेही आरोग्य पाहू लागल्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मारकासाठी देशभरातून जमलेला निधी खेड्यांतील स्त्रिया व बालके यांच्यासाठीच खर्च व्हावा, असा गांधीजींचा आग्रह होता. त्याच सुमारास सेवाग्राममध्ये बिर्लांच्या अतिथिगृहात स्त्रिया आणि बालकांसाठी १५ खाटांचे रुग्णालय सुरू झाले. आजच्या कस्तुरबा रुग्णालयाची ती सुरुवात होय.

या घटनेतील वैचारिक वळण पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये रुग्णालयांवर अत्यंत कठोर टीका करणाऱ्या, निसर्गोपचारावर अखेरपर्यंत श्रद्धा असणाऱ्या व्यक्तीच्या गावात, त्यांच्याच पत्नीच्या नावाने, पाश्चात्त्य वैद्यकात शिकलेल्या स्त्री-डॉक्टरने हे रुग्णालय उभे केले. याला विसंगती म्हणून हिणवण्याचे कारण नाही. बाळंतपणात अडलेल्या बाईपुढे सिद्धान्ताला वाट द्यावी लागली, असेच यातून दिसते. ब्रिटनमधील केंद्रे वजनकाट्यापासून निघाली आणि प्रसूतीपर्यंत पोचायला त्यांना दीर्घ काळ लागला. नागपूर व सेवाग्राम यांनी प्रसूतीच्या खाटेपासून आरंभ केला. साधनांची वानवा असूनही क्रम बरोबर होता.

तथापि 'मातांची शाळा' सेवाग्राममध्येही निराळ्या दाराने आलीच. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीमची व्याप्ती १९४५ मध्ये जन्मापूर्वीपासून मृत्यूपर्यंत विस्तारण्यात आली. पूर्वबुनियादी शिक्षणाची पहिली पायरी म्हणून गर्भवती मातेचे शिक्षण मांडले गेले. आशादेवी आर्यनायकम् व त्यांच्या सहकाऱ्यांच्या या विचारात मातेविषयीचा आदर निःसंशय आहे. मुलाचे शिक्षण घरापासून तोडून विचारात घेता येत नाही, हा त्यातील मुद्दा आजही शिक्षणशास्त्राला मार्गदर्शक आहे. पण येथेही माता विद्यार्थिनी आहे. स्वच्छता, आहार, सूत व संयम यांचा अभ्यासक्रम तयार आहे. किती मुले आणि केव्हा, हा पाठ त्यात संयमाच्या सदराखालीच येतो.

लूप आणि त्यानंतर

पुढील काळाने या मर्यादेची दुसरी बाजू दाखविली. डॉ. सुशीला नय्यर १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९६५ मध्ये देशभर लूप बसविण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला, आणि त्याला लवकरच उद्दिष्टे व प्रोत्साहनपर रकमा जोडण्यात आल्या. रक्तस्राव, वेदना यांच्या तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रियांच्या पाठपुराव्याची व्यवस्था अपुरी होती. अफवा पसरल्या आणि एक-दोन वर्षांतच लूपचा स्वीकार झपाट्याने घसरला. ज्या परिसरात साधन नाकारण्यात आले होते, तेथून गेलेल्या मंत्र्यांच्या कारकिर्दीत साधन लादण्याची यंत्रणा उभी राहावी, याकडे केवळ दैवदुर्विलास म्हणून पाहता येणार नाही. नकार आणि सक्ती यांच्यात वाटते तितके अंतर नाही. दोहोंतही काय हवे हे बाईला विचारण्याची पायरी गाळलेली आहे. आणीबाणीतील नसबंदीचा बोभाटा झाला, कारण तिचा फटका पुरुषांना बसला; लूपच्या वेळी त्रास भोगला तो स्त्रियांनी, आणि त्याची राजकीय नोंद फारशी झाली नाही.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिच्या परिघात १९८० च्या दशकात डॉ. उल्हास जाजू यांनी चालविलेला ज्वारीवर आधारित आरोग्यविम्याचा प्रयोग येथे विशेष विचारात घ्यावा लागतो. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीनुसार ज्वारी द्यायची आणि त्या बळावर गावाने रुग्णालयाच्या सेवेवर हक्क सांगायचा. सल्ला घेणारे गाव येथे प्रथमच सेवेचे भागीदार झाले. परंतु वर्गणी कुटुंबाची, कुटुंबाची ऐपत जमिनीवरून, आणि जमीन सामान्यतः पुरुषाच्या नावावर. गाव विचारले गेले म्हणजे गावातील बाई विचारली गेली असे होत नाही, ही या प्रयोगाची मर्यादा त्याच्या थोरवीबरोबरच नोंदवायला हवी. २००३ ते २००८ या काळात संस्थेने वर्धा जिल्ह्यातील आंजी, गौळ आणि तळेगाव या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात राबविलेल्या बालजीवित्वाच्या उपक्रमात ग्रामसमित्यांबरोबर किशोरी पंचायती स्थापन झाल्या. ज्यांचे बाळंतपण अजून व्हायचे आहे अशा मुलींना आधीच बोलते करणे, ही त्यातील नवी गोष्ट होती.

आज महाराष्ट्रात ९० टक्क्यांहून अधिक प्रसूती दवाखान्यांत होतात आणि २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण लाख जन्मांमागे ३३ इतके खाली आले आहे. खाटेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. दुसऱ्या प्रश्नाची स्थिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसते. राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्काही नाही. मूल थांबविण्याचे साधन आता उपलब्ध आहे, ते वापरण्याचा भार मात्र वर्ध्याच्या संवादातील नकाराप्रमाणेच स्त्रीवर आहे.

या इतिहासाचे मराठीतील लेखन पुढे न्यायचे असेल तर साधनांची निवड बदलावी लागेल. संस्थांचे वार्षिक अहवाल आणि संस्थापकांची चरित्रे यांबरोबर बाळंतपणाच्या ओव्या, माहेरपणाच्या आठवणी, सुईणींच्या मुलाखती यांकडे वळावे लागेल. हेमा राईरकर आणि गी पोयटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, तो मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातील आहे. वऱ्हाडी व झाडीबोलीच्या पट्ट्यात बाळंतपणाच्या अनुभवावर त्या तोडीचे काम व्हायचे आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांत सेवाग्रामच्या परिसरात बाळंत झालेल्या स्त्रियांची पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या लेकीसुना मात्र आहेत. सत्तरच्या दशकात पहिले बाळंतपण झालेल्या या स्त्रियांनी लूपही पाहिला आहे, शस्त्रक्रियेची शिबिरेही पाहिली आहेत आणि ज्वारीची वर्गणीही. आसपासच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना त्यांच्यापर्यंत पोचायला एका बसच्या तिकिटापलीकडे फारसा खर्च येणार नाही.